आरोप करणं आणि दोषी ठरवणं: गेटवर मिळालेल्या तांब्यापासून शेवटच्या आदेशापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका विजेची पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात दुसरी पाळी सुटताना गेटवर तपासणी झाली. एका कामगाराच्या दुचाकीच्या डिकीत तांब्याच्या बसबारचे (पॅनेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या पट्टीचे) 11 तुकडे मिळाले, वजन 3 किलो 240 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी एचआरने नोटिशीचा मसुदा केला: ‘आपण दि. 12 रोजी कंपनीच्या मालाची चोरी करून कंपनीचा विश्वासघात केला आहे. आपले कृत्य अत्यंत निंदनीय आहे. आपणास कामावरून का काढून टाकू नये, याचा खुलासा 24 तासांत करावा.’ विचारणाऱ्यांचं म्हणणं, माल डिकीतच मिळालाय, आम्ही फक्त आरोप केलाय, मग कामगाराचा वकील ‘तुम्ही आधीच दोषी ठरवलंत’ असं कशाच्या जोरावर म्हणतो?

वकील बरोबर म्हणतो. या मसुद्यात आरोप असा नाहीच, सरळ निकाल आहे.

मराठीतली क्रियापदं बघा. आरोप आपण ‘करतो’ किंवा ‘ठेवतो’. दोषी मात्र ‘ठरवतो’. ठरवायचं म्हटलं की दोन्ही बाजू ऐकून कुणीतरी निर्णय घ्यावा लागतो. ‘चोरी करून विश्वासघात केला आहे’ या वाक्यात हे ठरवणं उरकलेलं आहे. ‘निंदनीय’मध्ये तर निंदाही झाली. उरला फक्त शिक्षेचा प्रश्न, आणि नोटीस तेवढाच विचारते. तुम्ही केलंत का, हे तिने विचारलेलंच नाही.

नोटीस हातात घेतली की प्रत्येक वाक्याला एक साधी कसोटी लावायची: याला समोरच्याला उत्तर देता येतं का? ‘रात्री 11 वाजून 10 मिनिटांनी आपल्या डिकीत 11 तुकडे मिळाले’ याला उत्तर देता येतं. डिकी माझी नव्हती, कुलूप मोडलेलं होतं, तुकडे 11 नव्हते, सुपरवायझरने भंगार म्हणून नेऊ दिलं होतं. ‘आपण विश्वासघातकी आहात’ याला काय उत्तर देणार? जिथे उत्तराला जागा नाही ते वाक्य आरोपपत्रातून काढून टाकायचं, मग ते कितीही खरं वाटत असो.

हा फक्त शब्दांचा कीस नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ओरिक्स फिशरीज प्रकरणात कारणे दाखवा नोटिशीबद्दल हेच सांगितलं. नोटिशीतच दोषाचा ठाम निष्कर्ष मांडला असेल, तर नोटीस काढणाऱ्याचं मन आधीच बंद झालेलं दिसतं आणि पुढची सुनावणी देखावा ठरते. ते प्रकरण कारखान्यातल्या कामगाराचं नव्हतं, निर्यातदार कंपनीच्या नोंदणीचं होतं. पण तत्त्व तेच लागू होतं.

‘ठपका’ या शब्दाशी विशेष जपून. बोलताना आपण आरोप आणि ठपका एकाच अर्थाने वापरतो, बातम्यांतही तसंच छापून येतं. शासकीय सेवेच्या शिस्त व अपील नियमांत मात्र ‘ठपका ठेवणे’ ही किरकोळ शिक्षांमधली एक शिक्षा आहे. त्यामुळे ‘आपणावर पुढीलप्रमाणे ठपका ठेवण्यात येत आहे’ असं आरोपपत्र निघालं, की शब्दार्थाने तुम्ही शिक्षा देऊन मोकळे झालात. ‘आरोप ठेवण्यात येत आहे’ एवढंच लिहा.

हे ऐकलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. नोटीस गुळमुळीत करतात: ‘आपण काही गैरप्रकारात सहभागी असल्याचे समजते.’ हे पहिल्याहून वाईट. न्याय्य आरोप म्हणजे मवाळ आरोप नव्हे. वस्तुस्थितीच्या बाबतीत आरोप जितका टोकदार असेल तितका तो न्याय्य, कारण तेवढ्याच नेमकेपणाने त्याला उत्तर देता येतं. तारीख, वेळ, जागा, वस्तू, संख्या, वजन, कोणासमक्ष, हे सगळं ठणठणीत हवं. मोकळा ठेवायचा तो फक्त निर्णय.

वरचा मसुदा असा लिहिता येईल:

‘दि. 12 रोजी दुसरी पाळी सुटल्यानंतर रात्री 11 वाजून 10 मिनिटांनी मुख्य गेटवर आपल्या दुचाकीची डिकी आपल्यासमक्ष उघडून तपासली असता, तीत तांब्याच्या बसबारचे 11 तुकडे, एकूण वजन 3 किलो 240 ग्रॅम, मिळाल्याचा सुरक्षा विभागाचा अहवाल आहे. सदर माल कंपनीचा असून तो बाहेर नेण्याचा गेटपास आपल्याकडे नव्हता, असेही अहवालात नमूद आहे. वरील बाबी सिद्ध झाल्यास त्या स्थायी आदेशांनुसार पुढील गैरवर्तनात मोडतात: एक, मालकाच्या मालमत्तेसंबंधी चोरी किंवा अप्रामाणिकपणा, दोन, परवानगीशिवाय कंपनीचा माल आवाराबाहेर नेण्याचा प्रयत्न. आपला लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून 7 दिवसांत द्यावा.’

‘सिद्ध झाल्यास’ या दोन शब्दांवर सगळं उभं आहे. ‘अहवाल आहे’ हेही महत्त्वाचं, कारण कंपनीने स्वतः काही पाहिलेलं नाही, पाहिलंय सुरक्षारक्षकाने, आणि त्याला पुढे साक्षीला यायचंय. गैरवर्तनाची कलमं तुमच्या स्वतःच्या प्रमाणित स्थायी आदेशांतून, म्हणजे कारखान्याच्या मंजूर सेवानियमांतून, शब्दशः उचला, क्रमांकासह. शिक्षेचा उल्लेख या टप्प्यावर नको.

दोन आरोप वेगळे का? चोरीत दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: माल कंपनीचा होता, आणि तो अप्रामाणिक हेतूने नेला जात होता. कामगार म्हणाला की फोरमनने तुकडे भंगारात काढलेत म्हणून तोंडी परवानगी दिली, आणि फोरमन उलटतपासणीत गडबडला, तर हेतूचा मुद्दा ढासळतो. गेटपास नव्हता हा आरोप तरीही उभा राहतो. ज्यांच्या डोक्यात पहिल्याच रात्री ‘चोर’ पक्कं बसतं, त्यांना हा दुसरा आरोप सुचतच नाही. मग चोरी सिद्ध झाली नाही की हातात काहीच उरत नाही. अर्थात, फक्त गेटपासचा आरोप सिद्ध झाला तर शिक्षाही तेवढ्याच वजनाची हवी. गेटपास नसल्याच्या नावाखाली चोरीची शिक्षा द्यायची नाही.

आता गेटवरचा पंचनामा. पुढचं सगळं याच कागदावर चालतं, आणि बहुतेक गफलती इथेच होतात. रात्रपाळीच्या सुरक्षा पर्यवेक्षकाने घाईत लिहिलेलं असतं, ‘चोरीचा माल जप्त केला’. ‘चोरीचा’ हा शब्द तिथे कुणी ठरवला? लिहायचं फक्त जे डोळ्यांना दिसलं ते: डिकी कोणी उघडली, चावी कोणाकडे होती, कुलूप शाबूत होतं का, तुकडे कशात गुंडाळले होते. बसबार 25 बाय 6 मिलीमीटरची असेल तर तिचं वजन मीटरला साधारण 1 किलो 340 ग्रॅम भरतं, म्हणजे 3 किलो 240 ग्रॅम म्हणजे जवळजवळ 2.4 मीटर. वजनाबरोबर प्रत्येक तुकड्याची लांबीही मोजून लिहा. त्या दिवसाच्या कटिंग रजिस्टरशी ती जुळते का, यावरून माल कंपनीचाच आहे हे दाखवता येतं. एकूण लांबी वजनाशी जुळत नसेल तर मोजणीत चूक आहे, ती त्याच रात्री सापडते. तुकडे वापरण्याजोगे होते की भंगारात टाकायचे, हेही लिहा, कारण किंमत आणि परवानगी दोन्ही त्यावर अवलंबून असतं.

माल पिशवीत भरून तोंड बांधायचं, चिठ्ठीवर दोन पंचांच्या आणि कामगाराच्या सह्या घेऊन ती गाठीवर चिकटवायची. दोन्ही पंच सुरक्षारक्षक नकोत, एक तरी त्याच पाळीतला कामगार असावा. कामगाराने सही नाकारली तर ‘सही करण्यास नकार दिला’ एवढंच लिहा. ‘पकडला गेल्यामुळे घाबरून सही नाकारली’ हा पुन्हा निष्कर्ष झाला. त्याने जागेवर काही सांगितलं असेल तर ते त्याच्याच शब्दांत टिपा. आणि रात्री अकरा वाजता केबिनमध्ये बसवून ‘मी चोरी केली, मला माफ करावे’ असा माफीनामा लिहून घेऊ नका. असा कबुलीजबाब चौकशीत उलटतो. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये रूपसिंग नेगी प्रकरणात बँकेच्या एका शिपायाची बडतर्फी टिकू दिली नाही. पोलिसांपुढची कबुली आणि नुसते दाखल केलेले कागद यांच्यावर चौकशी उभी होती, ते कागद साक्षीदारामार्फत सिद्ध केलेले नव्हते. कागद टेबलावर आला म्हणजे तो पुरावा झाला असं नाही.

निलंबनाचा आदेश ही दुसरी जागा, जिथे आरोप आणि शिक्षा एकमेकांत मिसळतात. चौकशी होईपर्यंतचं निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हे आदेशातही दिसायला हवं: ‘चौकशी प्रलंबित असल्याने’ निलंबित, ‘चोरी केल्यामुळे’ नव्हे. निर्वाह भत्ता पहिले 90 दिवस निम्म्या वेतनाचा, त्यानंतर उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर 75 टक्के. तुमच्या स्थायी आदेशांत याहून जास्त असेल तर ते द्या. औद्योगिक संबंध संहितेत निलंबनापासून साधारण 90 दिवसांत चौकशी संपवण्याची अपेक्षा आहे. भत्ता अडवणं म्हणजे न सांगता शिक्षा सुरू करणं. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. त्याच्या घरात सोन्याचा 4.5 ग्रॅमचा गोळा आणि 1276 ग्रॅम सुवर्णमिश्रित वाळू मिळाल्याचा आरोप होता. निर्वाह भत्ता मिळाला नाही, त्यामुळे तो आपल्या गावाहून चौकशीला येऊ शकला नाही, आणि खाणीने एकतर्फी चौकशी करून त्याला काढलं. फौजदारी न्यायालयात तो सुटला. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द ठरवली.

आरोप करणारा, तो मांडणारा आणि निर्णय देणारा ही तीन माणसं वेगळी ठेवा. एचआर व्यवस्थापक आरोपपत्रावर सही करतो, दुसरा कुणी व्यवस्थापन प्रतिनिधी म्हणून पुरावा मांडतो, आणि चौकशी अधिकारी या दोघांपैकी नसतो. साक्षीदारच चौकशीला बसले तर काय होतं, ते मीनग्लास चहामळ्याच्या 1963 च्या निकालात दिसतं. मारहाण झाल्याचं सांगणाऱ्या व्यवस्थापकांनीच चौकशी चालवली होती, ती न्यायालयाने मानली नाही. लहान कारखान्यात माणसं कमी असतात हे खरं, पण अंबड-सातपूरमध्ये बाहेरचे वकील चौकशी अधिकारी म्हणून मिळतात. त्यांच्याकडे फाइल पाठवताना सोबत ‘लवकर निकाली काढा, केस स्पष्ट आहे’ अशी ईमेल मात्र नको. ती ईमेल पुढे न्यायालयात वाचली जाते.

पहिल्या तारखेला आरोप मराठीत वाचून दाखवायचे, मान्य आहेत का विचारायचं, उत्तर जसंच्या तसं रोजनाम्यात, म्हणजे चौकशीच्या रोजच्या नोंदीत, लिहायचं. आरोपपत्र इंग्रजीत असेल तर ते कामगाराला समजलं, असं धरू नका. सहकारी कामगार किंवा युनियनचा माणूस बचाव प्रतिनिधी म्हणून हवा का, हे विचारून त्याचीही नोंद घ्या. नंतरची सर्रास होणारी चूक म्हणजे सुरुवातच कामगाराला प्रश्न विचारून करणं: ‘माल डिकीत कसा आला?’ आरोप कंपनीने केलाय, म्हणून आधी कंपनीचे साक्षीदार. सुरक्षारक्षक, पंच, कटिंग विभागाचा माणूस, गेटपास रजिस्टर सांभाळणारा. प्रत्येकाची साक्ष कामगारासमोर व्हायला हवी आणि प्रत्येकाची उलटतपासणी करू द्यायला हवी. कामगार किंवा त्याचा बचाव प्रतिनिधी गप्प बसला तर ‘उलटतपासणीची संधी दिली, घेतली नाही’ असं लिहून सही घ्या. पिशवी चौकशीत त्यांच्यासमोर उघडा, तुकडे मोजा, पुन्हा वजन करा. त्यानंतर कामगाराचं म्हणणं आणि त्याचे साक्षीदार. चौकशी अधिकाऱ्याने खुलाशापुरते प्रश्न विचारावेत, उलटतपासणी करू नये. तो आरोप मांडणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसला की चौकशी तिथेच पडते. रोजनाम्याच्या प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, आणि त्याच दिवशी एक प्रत कामगाराच्या हातात.

निष्कर्षाच्या अहवालात दोषी ठरवण्याचा अधिकार पहिल्यांदा वापरला जातो. इथेही प्रत्येक आरोप स्वतंत्र: सिद्ध, अंशतः सिद्ध, किंवा सिद्ध नाही, आणि प्रत्येकाखाली कोणत्या साक्षीवरून ते. फौजदारी खटल्यासारखा वाजवी संशयापलीकडचा पुरावा इथे लागत नाही, शक्यतेचा काटा कुणीकडे झुकतो ते पाहतात. पण काटा झुकायला पारड्यात साक्ष लागते, नुसता संशय पुरत नाही. चौकशी अधिकारी शिक्षा सुचवत नाही. अहवालाची प्रत कामगाराला द्यावीच लागते, कारण 1993 मध्ये करुणाकर प्रकरणात घटनापीठाने ते बंधनकारक केलं. सोबत दुसरी कारणे दाखवा नोटीस जाते, आणि ‘का काढून टाकू नये’ हे वाक्य पहिल्यांदा इथे शोभतं. जुन्या शिक्षा विचारात घ्यायच्या असतील तर त्या तारखांसह इथेच कळवा. आरोपपत्रात ‘आपण वारंवार’, ‘सराईतपणे’ असले शब्द घालून जुना इतिहास आत सरकवायचा नाही.

शेवटच्या आदेशातही निषेध कृत्याचा करा. ‘चोरीचे गैरवर्तन सिद्ध झाले आहे’ पुरेसं आहे, ‘आपण चोरवृत्तीचे आहात’ याची गरज नाही. एवढी चौकशी एका रात्रीच्या 11 तुकड्यांची झाली, माणसाच्या स्वभावाची नाही. तेव्हा निर्णयही तेवढ्यापुरताच हवा.

कारखान्याबाहेरचं थोडक्यात. पोलिसांकडे तक्रार द्यायला हरकत नाही, तीही आरोपच असते, आणि पोलिसांचं दोषारोपपत्रही, नावात ‘दोष’ असला तरी, न्यायालयापुढचा आरोपच असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये अब्रुनुकसानीचे जे अपवाद आहेत, त्यांत अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेला आरोप येतो. म्हणजे योग्य दारात केलेल्या आरोपाला कायदा संरक्षण देतो. तोच मजकूर कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोसह टाकला तर ते संरक्षण सांगणं कठीण. नोटीस घरी जात नसेल तर शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्ट आणि कारखान्याच्या फलकावर प्रत. वर्तमानपत्रात द्यावीच लागली तर चौकशीची तारीख, जागा आणि हजर राहण्याची सूचना एवढीच. सिडकोतल्या ज्या गल्लीत तो राहतो तिथे सगळे पेपर वाचतात. तपशील छापले तर त्याच्या मुलांनाही त्याची झळ बसते, आणि अजून काहीच सिद्ध झालेलं नसतं.

या सगळ्यात घाई केली तर काय होतं? प्रकरण कामगार न्यायालयात गेलं की पहिला मुद्दा निघतो, चौकशी न्याय्य होती का आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. चौकशी पडली तर कंपनी न्यायालयात नव्याने पुरावा देऊ शकते, पण तशी मागणी वेळेत केलेली हवी. तोवर काही वर्षं गेलेली असतात. सुरक्षा एजन्सी बदललेली, रक्षक गावी गेलेला, पिशवी स्टोअरमध्ये कुठे आहे ते कुणाला माहीत नसतं. खरोखर माल नेलेला माणूसही अशा वेळी मागच्या पगारासह परत येऊ शकतो, केवळ पहिल्या नोटिशीत निकाल लिहून ठेवला म्हणून.

आणि आरोप सिद्ध झाला नाही तर? कामावर घेण्याचा लेखी आदेश काढा. त्यात ‘संशयाचा फायदा देऊन’ किंवा ‘ताकीद देऊन’ असलं काही चिकटवू नका. ‘आरोप सिद्ध झालेले नाहीत’ एवढं लिहा. निलंबनाचा काळ कामावर धरा, दिलेला भत्ता वजा करून बाकी वेतन पुढच्या पगारात द्या. फलकावरचा निलंबनाचा कागद काढा आणि त्याच जागी हा आदेश लावा. गेटच्या केबिनमध्ये काचेच्या आतून चिकटवलेला ‘प्रवेश बंद’ फोटो बहुतेक ठिकाणी विसरला जातो. तो माणूस सकाळी सातच्या पाळीला येण्याआधी, आदल्या रात्रीच तो काढून घ्या, आणि तिन्ही पाळ्यांच्या रक्षकांना तसं रजिस्टरमध्ये लिहून सही घेऊन कळवा.